दशांशाची फोड आणि मजुरीचा हिशेब

विषयाचे नाव वाचून हा शाळेतला गणिताचा तास आहे की काय, अशी शंका काही श्रोत्यांना येण्याचा संभव आहे. व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, राजकारण हे विषय शोभून दिसतात. तेथे संख्येतील टिंबाच्या डावीकडचा भाग व उजवीकडचा भाग वेगळा कसा करावा हे सांगायला कामगार संघटनेचा माणूस उभा राहतो, हे जरा चमत्कारिकच. परंतु अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांत पगारपत्रके तपासण्यात आमची जी वर्षे गेली, त्यांत एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. मजुराचे पैसे टिंबाच्या डावीकडे सहसा बुडत नाहीत. दिवसाचा दर दहा रुपयांनी कमी लागला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी माणसे जमतात. पैसे बुडतात ते टिंबाच्या उजवीकडे. आणि तेथे ते बुडाले हे ना मजुराला कळत, ना पुष्कळदा मालकाच्या कारकुनाला.

पूर्वी हा हिशेब वहीत होई. अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची विजय मिल, अचलपूरची विदर्भ मिल चालू होत्या, गावोगावच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये हंगामात रेचे रात्रंदिवस धडधडत होते, त्या काळी हजेरीबुकावर बोट ठेवून मुकादमाला विचारता येत असे, की हा आकडा कोठून आला? आता वही गेली. हजेरी यंत्रावर अंगठा ठेवून होते, ती संगणकात जाते आणि महिन्याच्या शेवटी एक छापील चिठ्ठी बाहेर पडते. काही विचारले की उत्तर तयार असते: "कॉम्प्युटरने काढले आहे." जणू कॉम्प्युटर हे एखादे हायकोर्टच! हे उत्तर ऐकून ऐकून कंटाळल्यावर आम्ही ठरवले, की या कोर्टाची भाषाच शिकून घ्यावी. आम्ही कॉलेजात गेलेलो नाही. पण ही भाषा वाटते तितकी अवघड नाही, आणि तिची मायएसक्यूएल व पोस्टग्रेस यांसारखी साधने विनामूल्य मिळतात.

संगणकातल्या नोंदींच्या साठ्याला डेटाबेस म्हणतात. तो म्हणजे आखलेल्या तक्त्यांचा संग्रह. एका मजुराची एक ओळ. नाव, तारीख, तास, दर हे रकाने. या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची जी ठरीव भाषा आहे, तिच्यातल्या एका प्रश्नाला क्वेरी म्हणतात. एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली असे तक्ते मांडण्याची उपपत्ती सांगितली. १९७४ च्या सुमारास चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी तिच्यावरून प्रश्नांची भाषा बांधली. आज बँक, रेल्वे, भविष्यनिर्वाह निधी, सातबारा, सगळे याच घराण्यातले आहे. प्रश्न इंग्रजी अक्षरांत लिहावा लागतो. "सिलेक्ट नाव, तास फ्रॉम हजेरी" असे लिहिले की हजेरीच्या तक्त्यातून नावे आणि तास समोर येतात.

आता फोड. समजा, रकान्यात ४३७.७५ ही रक्कम आहे आणि रुपये वेगळे, पैसे वेगळे हवे आहेत. त्यासाठी फ्लोअर नावाची क्रिया आहे. फ्लोअर म्हणजे जमीन. संख्येच्या खालची सर्वांत जवळची पूर्ण संख्या ती देते. फ्लोअर(४३७.७५) म्हणजे ४३७. मूळ संख्येतून हे ४३७ वजा केले की ०.७५ उरतात; त्याला १०० ने गुणले की ७५ पैसे. दुसरा मार्ग भागाकाराचा: मॉड(४३७.७५, १) असे विचारले, तर एकाने भागून उरलेली बाकी, म्हणजे तेच ०.७५, मिळते. झाली फोड. चौथीतले पोर करील असे हे काम आहे. मग दोन-अडीच हजार शब्द कशाला? तर संख्येची फोड करणे सोपे आहे, पण फोडलेल्या उजव्या तुकड्याला काय म्हणायचे हे संख्या स्वतः सांगत नाही. सगळी गोम तेथे आहे.

फोड करण्याची एक आळशी रीतही आहे आणि ती पुष्कळ ठिकाणी वापरलेली दिसते. संख्येला संख्या न समजता अक्षरांची ओळ समजायचे आणि टिंब दिसेल तेथे कात्री लावायची. ४३७.७५ चे दोन तुकडे, "४३७" आणि "७५". दिसायला छान. पण ४३७.०५ आले, तर उजवा तुकडा "०५". त्याची पुन्हा संख्या केली की पुढचे शून्य गळून ५ राहतात. पाच पैसे, ठीक. आता रकान्यात ४३७.५ असेल तर? उजवा तुकडा "५". म्हणजे पन्नास पैसे आणि पाच पैसे एकाच मापाने मोजले गेले! पैशांचे सोडा, बाजार समितीत कापसाचे वजन क्विंटलमध्ये लिहितात. ७.५ क्विंटल म्हणजे सात क्विंटल पन्नास किलो. कोणी त्याचे सात क्विंटल पाच किलो केले, तर पंचेचाळीस किलो कापूस कागदावरच उडून जातो. गाडीतून सरकी सांडली तर निदान रस्त्यावर दिसते. टिंब हे कापण्याचे चिन्ह नाही. एककाचे स्थान कोठे संपते, एवढेच ते दाखवते. संख्येची फोड हिशेबानेच करावी, डोळ्यांनी करू नये.

पण आमच्या पाहण्यात जो सर्वांत मोठा घोळ आला तो निराळाच होता, आणि त्याला कात्री लावणाऱ्याचा आळस कारण नव्हता.

एका कारखान्यातले मजूर आमच्याकडे आले. कारखान्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. त्यांची तक्रार जादा वेळेच्या मजुरीची होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५९ व्या कलमात जादा वेळेला दुप्पट दर दिला आणि पुढे आलेल्या वेतनसंहितेनेही तो दुप्पटच ठेवला. त्याबद्दल कारखान्याची ना नव्हती. दर दुप्पट लावला होता, चिठ्ठीवर तो स्पष्ट छापलेला होता. तरी पैसे कमी येत. एका बाईने आपल्या मुलाच्या वहीत रोजची सुटायची वेळ लिहून ठेवली होती. ती म्हणाली, "भाऊ, घड्याळ तं बरोबर हाये, दरबी बरोबर हाये, मंग पैसेच कसे कमी येऊन राह्यले?" याहून नेमका प्रश्न वकिलालाही विचारता आला नसता.

तिच्या वहीत जेथे अडीच तास जादा काम होते, तेथे यंत्राच्या नोंदीत २.३० असे होते. दोन तास तीस मिनिटे. घड्याळाप्रमाणे ते अगदी खरे. पुढे हीच नोंद पगाराच्या तक्त्यात गेली आणि तेथे तिला दराने गुणले. गुणाकाराला घड्याळ ठाऊक नाही. त्याच्या लेखी २.३० म्हणजे दोन तास आणि एका तासाचे शंभरांपैकी तीस भाग. तीस शतांश तास म्हणजे अठरा मिनिटे. बारा मिनिटे गेली! तासाला साठ रुपये दर धरा, दुप्पट म्हणजे एकशे वीस. अडीच तासांचे तीनशे रुपये व्हावेत, २.३० ला गुणून येतात २७६. रोज चोवीस रुपये. महिन्यात असे दहा दिवस धरले तर दोनशे चाळीस, आणि पन्नास मजूर धरले तर बारा हजार रुपये. पावणेतीन तासांना तर अधिक मार: २.४५ ला २.७५ व्हायला हवे होते, म्हणजे अठरा मिनिटे गेली. जो पूर्ण तास काम करतो त्याचे काही बुडत नाही, म्हणून गेटवर एकमत होत नाही. एक म्हणतो माझे बरोबर आहे, दुसरा म्हणतो माझे कमी आहे, आणि तिसरा म्हणतो संघटनेचे लोक उगाच भडकवतात.

हे खरे की नाही, याची परीक्षा कशी करावी? एका वहीवर विसंबून वाटाघाटीला बसता येत नाही. आम्ही महिन्याच्या नोंदींची प्रत मागून घेतली, ती आमच्या संगणकात घातली आणि एकच प्रश्न विचारला: "सिलेक्ट तास − फ्लोअर(तास), काउंट(*) फ्रॉम हजेरी ग्रुप बाय तास − फ्लोअर(तास)". मराठीत सांगायचे तर, प्रत्येक नोंदीतला टिंबाच्या उजवीकडचा तुकडा काढ, सारखे तुकडे एकत्र कर आणि कोणता किती वेळा आला ते मोज. उत्तरात चारच तुकडे आले: .००, .१५, .३० आणि .४५. सबंध महिन्यात .५० एकदाही नाही, .७५ एकदाही नाही. आता विचार करा. हे आकडे खरोखर दशांश असते, तर अर्ध्या तासाला .५० आणि पाऊण तासाला .७५ कोठे ना कोठे दिसलेच असते. पावतासाच्या हिशेबाने सुटणारी पाळी आणि .६० च्या पुढे एकही तुकडा नाही, याचा अर्थ ती मिनिटेच आहेत. साठ मिनिटांचा तास होतो, म्हणून घड्याळाच्या लेखनात .५९ च्या पुढे जाताच येत नाही. तेवढा एक कागद आम्ही टेबलावर ठेवला. समोर बसलेल्या तरुण हिशेबनिसाने तो दोनदा वाचला आणि मान हलवली. लबाडी कोणाचीच नव्हती. हजेरीचे यंत्र एकाने बसवलेले, पगाराचा कार्यक्रम दुसऱ्याने लिहिलेला. एक मिनिटे लिहीत होता, दुसरा शतांश वाचत होता. दुरुस्ती एका ओळीची होती: पूर्ण तास वेगळे काढा, उरलेल्या तुकड्याला शंभराने गुणून साठाने भागा आणि मग बेरीज करा. २ अधिक ३० भागिले ६०, म्हणजे २.५. मागचा फरकही मिळाला. मात्र त्याला तीन बैठका लागल्या. एका ओळीच्या दुरुस्तीला तीन बैठका हे प्रमाण आमच्या धंद्यात वाईट समजत नाहीत.

असे साठाचे, चाळिसाचे, सहाचे टिंब आपल्या भोवती सर्वत्र आहे. क्रिकेटच्या फलकावर १९.३ षटके लिहितात, तेव्हा तीन चेंडू म्हणजे अर्धे षटक हे शेंबड्या पोरालाही कळते, तेथे.६ कधी दिसत नाही. शेतजमिनीत एकराचे चाळीस गुंठे. २.२० एकर असे कोणी लिहिले, तर ते दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर. व्यवहार ठरताना एकरी दहा लाख दर असेल आणि खरेदीखताच्या मसुद्यात कोणी २.२० ला सरळ गुणले, तर पंचवीस लाखांच्या जागी बावीस लाख येतात. सातबारावर हेक्टर-आर असते तेथे शंभराचा हिशेब आहे, त्यामुळे टिंब खरे बोलते; गुंठ्यात आले की तेच टिंब दुसरी भाषा बोलते. म्हणून उजवा तुकडा हातात आला की पहिला प्रश्न हा विचारावा: याच्या किती नगांचा एक पूर्ण होतो?

आमच्या आजोबांच्या पिढीला हा प्रश्न शिकवावा लागत नसे. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. मणाचे चाळीस शेर, शेराची सोळा छटाक. प्रत्येक तुकड्याला स्वतःचे नाव होते, त्यामुळे एकाला दुसरा समजण्याची सोय नव्हती. दशांशात सर्व तुकड्यांना एकच टिंब मिळाले. गुणाकार सोपा झाला, यात शंका नाही. सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश हिशेबनिसाने १५८५ साली दशांशाची पुस्तिका लिहिली ती व्यापारी आणि जमीन मोजणारे यांच्यासाठीच. त्याच्या लेखनात टिंब नव्हते. प्रत्येक अंकाशेजारी त्याचे स्थान सांगणारी खूण तो वर्तुळात लिहीत असे. बिचाऱ्याला पुढचे दिसले असावे.

आण्यांचा विषय निघालाच आहे, तर संगणकाची एक गंमत सांगतो. संगणक दहाच्या पटीत मोजत नाही, दोनच्या पटीत मोजतो. त्याचे अपूर्णांक म्हणजे अर्धा, पाव, अष्टमांश, सोळांश, बत्तिसांश, चौसष्टांश. आता हे रुपयाला लावून पाहा: आठ आणे, चार आणे, दोन आणे, एक आणा, अर्धा आणा, आणि शेवटी एक जुना पैसा! आमच्या आजोबांचा रुपया या यंत्राला पैशापर्यंत अगदी नेमका कळला असता. फक्त पै तेवढी अडली असती, कारण तिथे तिनाने भागावे लागते. उलट आजचा दहा पैशांचा तुकडा, म्हणजे रुपयाचा दशांश, त्याला नेमका लिहिताच येत नाही. आपण एक तृतीयांश दशांशात लिहू लागलो की ०.३३३३ असे लिहीतच राहावे लागते. तशीच त्याची एक दशांशाच्या बाबतीत गत होते. तो कोठे तरी थांबतो आणि अगदी सूक्ष्म असा फरक राहून जातो. ज्या रकान्याची जात "फ्लोट" ठेवलेली असते, त्यात हा फरक मुरलेला असतो. ४.३५ रुपयांचे पैसे करायला १०० ने गुणले, तर यंत्राच्या पोटात ४३५ न येता ४३४.९९९९९ असे काहीसे येते. त्यावर फ्लोअर लावला की ४३४. एक पैसा गेला. उपाय सोपा आहे: पैशाचा रकाना "डेसिमल" जातीचा ठेवावा, म्हणजे संगणक दहाच्या हिशेबाने नेमके अंक साठवतो, नाहीतर सर्व रकमा पैशांतच, पूर्ण संख्येत ठेवाव्यात. हा फरक क्षुल्लक म्हणून कोणी हसू नये. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियात धहरान येथे अमेरिकेचे पेट्रियट क्षेपणास्त्र येणाऱ्या क्षेपणास्त्राला अडवू शकले नाही आणि २८ सैनिक मेले. त्या यंत्राचे घड्याळ सेकंदाच्या दशांशांत मोजत होते, आणि तो दशांश दोनच्या पटीत कापून ठेवलेला होता. शंभर तास सतत चालल्यावर ही चूक साचून सुमारे एक तृतीयांश सेकंदाची झाली होती.

साचणे हाच येथे महत्त्वाचा शब्द आहे. १ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात नवा पैसा आला. ब्रिटनने आपला शिलिंग-पेन्सचा गोंधळ मोडला तो १९७१ साली, आपल्यानंतर चौदा वर्षांनी. आपल्याकडे एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. सव्वाचे नाणे कोठून आणणार? म्हणून कोष्टक निघाले: एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. बरोबर अर्धा उरला की तो सोडून द्यायचा. त्यामुळे दोन आण्यांचे साडेबारा न होता बारा झाले, सहा आण्यांचे सदतीस, दहा आण्यांचे बासष्ट, चौदा आण्यांचे सत्याऐंशी. आमचा जन्म त्यानंतरचा, पण हे कोष्टक आम्ही मुद्दाम मांडून पाहिले आहे. नगाला दोन आणे दर असलेल्या मजुराने आठ नग केले. आधी बेरीज केली तर सोळा आणे, म्हणजे पुरता रुपया. आधी प्रत्येक नगाचे नवे पैसे केले आणि मग बेरीज केली तर शहाण्णव. काम तेच, कोष्टक तेच, कायदा तोच; कातर आधी लावली की नंतर, एवढ्यावर चार पैसे गेले. उलट तीन आण्यांच्या दराला हाच हिशेब मजुराच्या बाजूने जातो, हेही सांगितले पाहिजे. चार आणे, आठ आणे, बारा आणे मात्र कोठूनही कापले तरी तितकेच राहतात. आणि हेच तीन शब्द आजही आपल्या बोलण्यात टिकले आहेत.

नेहमी खालीच कापत गेले म्हणजे काय होते, याचे मोठे उदाहरण कॅनडातील व्हँकुव्हरच्या शेअरबाजाराचे आहे. जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी भावांचा एक निर्देशांक १००० वर सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर, दिवसातून हजारो वेळा, तो नव्याने काढीत आणि तिसऱ्या दशांशस्थळापुढचे अंक कापून टाकीत. जवळच्या अंकाकडे वळवीत नसत, नुसते कापीत. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो निर्देशांक घसरत घसरत सुमारे ५२५ वर आला. बाजार तर बुडालेला नव्हता! नीट हिशेब केला तेव्हा तो सुमारे १०९९ निघाला. निम्म्याहून अधिक आकडा हजारांशांच्या तुकड्यांतून गळाला होता.

म्हणून आम्ही पगारपत्रकात पहिल्यांदा हे पाहतो, की कातर कितव्या पायरीवर लागली आहे. आणि दुसऱ्यांदा हे, की ती कोणत्या जातीची आहे. कारण कायदेही एका जातीचे नाहीत. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत वर्गणी जवळच्या रुपयाला आणायची. पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. या कामाला राउंड ही क्रिया. राज्य विमा योजनेत मात्र थोडाही तुकडा उरला की वरचा रुपया. तेथे सीलिंग, म्हणजे छत, ही क्रिया लागते. १०,०२० रुपयांवर पाऊण टक्का म्हणजे ७५.१५, निधीच्या रीतीने ते ७५ होतील, विम्याच्या रीतीने ७६. ज्याने दोन्हींना एकच क्वेरी लावली, त्याचा एक हिशेब चुकलाच.

याच निधीत एक फार सुंदर गणित आहे. मालकाचा हिस्सा बारा टक्के, त्यातले ८.३३ टक्के निवृत्तिवेतनाकडे आणि उरलेले ३.६७ टक्के निधीकडे. १ सप्टेंबर २०१४ पासून वेतनाची मर्यादा पंधरा हजार झाली, तीच रक्कम घेऊ. बारा टक्के म्हणजे १८००. ८.३३ टक्के म्हणजे १२४९.५०, जवळच्या रुपयाला १२५०. ३.६७ टक्के म्हणजे ५५०.५०, जवळच्या रुपयाला ५५१. बेरीज करा: १८०१! रुपया कोठून आला? दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे वर ढकलले, म्हणून आला. जाणता हिशेबनीस असे करीत नाही. तो एक तुकडा काढतो, १२५०, आणि दुसरा टक्क्याने न काढता वजाबाकीने काढतो: १८०० वजा १२५०, म्हणजे ५५०. फोड करताना शेवटचा तुकडा नेहमी वजाबाकीने घ्यावा, म्हणजे तुकडे जोडून पुन्हा मूळ रक्कम उभी राहते. वडिलार्जित शेताची वाटणी करणारे जुने लोक हेच करीत. शेवटच्या भावाला "उरलेले" मिळे, मोजून दिलेले नव्हे.

एक छोटी गोष्ट उणे आकड्यांची. उचल जास्त झाली की मजुराच्या खात्यात −१२.२५ असा आकडा येतो. फ्लोअर खालची पूर्ण संख्या देते, आणि उणे बाराच्या खाली उणे तेरा; मग तुकडा उरतो अधिक ०.७५. ट्रंक नावाची दुसरी क्रिया नुसते शेपूट छाटते आणि −१२ व −०.२५ देते. दोन्ही खरे आहेत, बेरीज एकच येते. ज्यांनी शाळेत लॉगची कोष्टके वापरली, त्यांना डोक्यावर रेघ असलेला उणे अंक आणि पुढचा अधिक अपूर्णांक आठवत असेल. ती फ्लोअरचीच रीत. घोटाळा होतो तो एकाची रुपयांची बाजू आणि दुसऱ्याची पैशांची बाजू एकत्र छापल्यावर. आणि अक्षरांची कात्री लावणाऱ्याने −०.७५ कापले, तर उजव्या तुकड्यातून उणे चिन्हच नाहीसे होते. पाऊण रुपया द्यायचा होता की घ्यायचा, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

राहिला प्रश्न त्या पैशांचा, जे देताच येत नाहीत. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. पगार पूर्ण रुपयांत देण्याची रीत पडली. मग टिंबाच्या उजवीकडचे करायचे काय? पाचशे मजूर असतील आणि दरेकाचे सरासरी पन्नास पैसे सोडले, तर महिन्याला अडीचशे, वर्षाला तीन हजार रुपये कोठे तरी राहतात. आम्ही जेथे बसतो तेथे असे सुचवतो, की चिठ्ठीवर "मागील बाकी" असा एक रकाना वाढवावा. देय रकमेत मागील बाकी मिळवायची, बेरजेचा फ्लोअर मजुराच्या हातात द्यायचा आणि मॉडने आलेला तुकडा पुढच्या महिन्याच्या रकान्यात लिहायचा. दोन क्रियांची क्वेरी आहे. कोणताही हिशेबनीस ती एका बैठकीत लिहील. समजा, दरमहा निव्वळ पगार ११,४३७.६० बसतो. पहिल्या महिन्याला ११,४३७ दिले, साठ पैसे बाकी. दुसऱ्याला साठ मिळून ११,४३८.२० झाले, ११,४३८ दिले, वीस बाकी. तिसऱ्याला ११,४३७ आणि ऐंशी पैसे बाकी. चौथ्याला ११,४३८ आणि चाळीस बाकी. पाचव्या महिन्याला ११,४३७.६० आणि ते चाळीस मिळून बरोबर ११,४३८ होतात, आणि बाकीच्या रकान्यात शून्य येते.